साडेबारा मिलिमीटर

३ फेब्रुवारी, सोमवार

व्हर्नियरवरचा आकडा आज वाचता आला नाही. गेल्या महिन्यातही आला नसणार, पण गेल्या महिन्यात मी ते स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

सात मजली इमारतीच्या लिफ्टची महिन्याची तपासणी होती. बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाची पाटी लावली तेव्हा पहिलं काम याच इमारतीनं दिलं. आज माझ्याकडे अकरा इमारती आहेत, हाताखाली दोन मेकॅनिक आहेत, पण ही लिफ्ट मी कुणाला देत नाही. एकटा जातो. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तारेचे पाच दोर मोठ्या चाकावरून खाली शाफ्टमध्ये उतरतात, त्यांना केबिन टांगलेली. नवा दोर तेरा मिलिमीटर जाड. झिजत झिजत सव्वाबाराला आला की उतरवायचा.

जाडी मोजायचा व्हर्नियर दोराला लावला. त्याच्या चिमट्यात दोर नीट बसला. रेघा मात्र सगळ्या एकमेकींत कालवलेल्या. हात लांब केला तर रेघ दिसते — पण तेवढ्या लांबून व्हर्नियर दोरावर राहत नाही.

लॉगबुकात लिहिलं: साडेबारा मिमी. ठीक. सही केली.

मग वही हातभर लांब धरून मागची पानं चाळली. जानेवारी — साडेबारा. डिसेंबर — साडेबारा. नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर — साडेबारा. दोर रोज झिजतो, आकडा तेवढा झिजलेला नाही. म्हणजे सप्टेंबरपासून मी मोजतच नाही. आठवून लिहितोय.

आणि त्या दोरांना लोक टांगलेले आहेत.

ही रोजनिशी मी जाड पेनानं, बोटभर अक्षरात लिहितो. बायकोला वाटतं, हौस आहे.


४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर मनाला समजावत होतो. समजावण्यात मी पटाईत. नववीत शाळा सोडून रुळांना वंगण लावायला लागलो तेव्हापासून गिऱ्हाइकांना समजावतच इथवर आलोय.

एक — मी दोरावरून चिंधी फिरवतो. कुठं तार तुटली असेल तर चिंधी अडकते. सप्टेंबरपासून एकदाही अडकली नाही.

दोन — गव्हर्नर आहे. समजा दोर गेलेच, तर केबिन खाली सुटताना मशीनरूमच्या कोपऱ्यातलं हे छोटं चाक वेड्यासारखं फिरतं, खटका पडतो आणि केबिन दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट धरते. शेवटचा हात म्हणजे तो. त्याचं झाकण सीलबंद असतं, वर्षातून एकदाच उघडतात. पण मी दर महिन्याला त्याच्यापाशी उभा राहून ऐकतो. गप्प असतो. गप्प म्हणजे ठीक.

तीन — माझे कान. धंद्यात माझं नाव कानांमुळे आहे. मोटर दोन फेरे फिरली की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. ज्याच्या हाताखाली शिकलो तो उस्ताद म्हणायचा, 'तू आंधळा असतास तरी ठेवला असता तुला.' तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज ते वाक्य नको तेव्हा आठवतंय.

काल उतरताना सहाव्या मजल्यावरची मुलगी भेटली होती, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. 'काका, तुमची लिफ्ट शीळ घालते.' कुठं? 'चौथा सोडला की वरपर्यंत. बाळ नेमकं तिथंच रडायला लागतं.' म्हटलं, भूक लागली असेल. तर म्हणते, 'रोज चौथ्या मजल्यावरच लागते का हो?'

तोंडाची तिखट आहे. मी तिच्याबरोबर सातव्यापर्यंत जाऊन आलो. बाळ रडलं, हे खरं. शीळबीळ काही नाही. केबिनमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे पोस्टमास्तर होते — अठ्ठ्याहत्तर वय, रोज गच्चीवर फिरायला जातात. त्यांना विचारलं. 'छे बुवा, आपल्याला तर काही ऐकू येत नाही.' झालं. दोन विरुद्ध एक. बाळाचं मत धरलं तर बरोबरी.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोला ताप. तिच्या काखेत थर्मामीटर लावून बसलो. वाजला की काढायचा. वाजेचना. ती दोनदा म्हणाली, 'अहो, अजून किती वेळ ठेवू?' म्हटलं, थांब जरा, घाई कसली. शेवटी काढला, तर आकडाही दिसेना — नुसता करडा डाग. खिडकीपाशी गेलो, हात लांब केला, डोळे बारीक केले. एकशे एक की एकशे सात?

एकशे सात असता तर ती मला हसली नसती. हसली. 'इकडे द्या. एकशे एक आहे. तुम्हाला चाळिशी लागलीय, बारा वर्षं उशिरा.'

थर्मामीटरची सेल बदलली. तरी मुकाच. जाऊ दे, नवा आणू.

हसलो मीही. पण मला आई आठवली. माझी आई साठीत पूर्ण आंधळी झाली. तिचंही आधी असंच सुरू झालं होतं — सुईत दोरा जाईना. 'ओव तू,' म्हणायची, आणि मी ओवून द्यायचो. मी बावन्न.


१० फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. दारावरून दोनदा परत फिरलो होतो, हे फक्त इथंच लिहितो.

बाईंनी डोळ्यात थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग दिव्यानं आत पाहिलं. मी आईचं सांगितलं. त्यांनी दिवा पुन्हा डोळ्याशी आणला. त्या वेळात मी मनातल्या मनात धंदा बंद केला, पाटी उतरवली, काठी घेतली.

'आत सगळं छान आहे,' म्हणाल्या. 'आईंचा आजार तुम्हाला नाही. डोळ्यातलं भिंग तरुणपणी मऊ असतं. जवळचं बघायचं म्हटलं की फुगतं, दूरचं बघताना सपाट होतं. वय झालं की ते कडक होत जातं, फुगत नाही. सगळ्यांचं होतं. तुमचे हात लांब आहेत, म्हणून इतकी वर्षं निभावलंत.'

सुटकेनं रडू येईल असं वाटलं. पण मग चष्म्याचा विषय निघाला. सांगितलं — घरी न सांगता घेतलेला वाचायचा चष्मा लावून केबिनच्या टपावर चढलो होतो. दोर दिसले, पण टपाची कड दिसली नाही, पाय अर्धा बाहेर. मग वर दूरचं, खाली जवळचं असा भारी चष्मा केला. आता माझे दोर असतात डोक्याच्या वर. चष्म्याचा जवळचा भाग खाली. म्हणजे मान इतकी मागं टाकायची की टाळू पाठीला टेकावी. सप्टेंबरात अशीच मान टाकली आणि चष्मा निसटला. सात मजले. आवाज ऐकून म्हटलं, दोन तुकडे. खाली खड्ड्यात जाऊन पाहिलं, तर दोनच. पुन्हा केला नाही. मेकॅनिक हसतील म्हणून, आणि दुसरं म्हणजे — आळस. भीती. काय ते.

बाई हसल्या नाहीत. 'तुम्हाला मान वर करूनही जवळचं दिसायला हवं,' म्हणाल्या. 'मग डोळ्याबरोबर फिरणारं भिंग लागेल. मल्टीफोकल कॉन्टॅक्ट लेन्स. डोळा वर गेला की तीही वर.' कागदावर काढून दाखवलं: मधोमध बारीक गोल, त्याभोवती दुसरा, त्याभोवती तिसरा. मधला जवळचा, बाहेरचा दूरचा. 'चष्म्यात तुम्ही नजर खाली-वर नेऊन भाग निवडता. इथं तसं नाही. जवळचं आणि दूरचं, दोन्ही चित्रं एकाच वेळी डोळ्यात जातात. कुठलं बघायचं ते मेंदू ठरवतो.'

म्हटलं, आणि माझा मेंदू चुकला तर?

'शिकतो. पंधरा दिवस द्या. सगळ्यांना जमतंच असं नाही, हेही सांगून ठेवते.'

लेन्स यायला आठ दिवस.


११ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस. लिफ्ट चालूच आहे.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

बंद करायला पाहिजे. एक स्विच खाली ओढायचा, दारावर पाटी लावायची. पण का बंद केली, हे कुणीतरी विचारणार. आणि खरं उत्तर असं — मला माहीत नाही दोर कसे आहेत. सहा महिने माहीत नाही. अकरा इमारतींत ते उत्तर किती वेळात फिरेल, हे मला चांगलं माहीत आहे.

म्हणून मधला रस्ता काढला. भित्र्याला मधला रस्ता चटकन सापडतो. पाटी लावली — 'एका वेळी फक्त चारजण.' पोस्टमास्तर वाचून म्हणाले, 'मी एकटाच दीड आहे, माझं कसं?' मी जोरात हसलो. घरी येईस्तोवर तोंड कडू.

वजन कमी केल्यानं तुटका दोर जोडला जात नाही. हे मला कुणी सांगायला नको.

बायकोचा ताप उतरला. आता तिची तक्रार डासांची. कानाशी गुणगुणतात, डोळा लागत नाही म्हणते. मला तर यंदा एकही नाही. म्हटलं, माझ्या रक्तात ग्रीस आहे, ते येत नाहीत.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेन्स आल्या. बाईंच्या आरशासमोर पाऊण तास. लोखंडाशी झटणारी बोटं, आणि त्यांच्यावर पाण्याच्या थेंबाएवढी वस्तू! डोळा बोट बघितलं की मिटतोच. बाईंची मदतनीस म्हणाली, 'काका, वर बघा, छताकडे.' छताकडे बघण्यात माझा जन्म गेला. वर बघितलं, आणि बसली.

नियम ऐकवले. हात साबणानं धुवून कोरडे करायचे, ग्रीसचं बोट चालणार नाही. नळाचं पाणी लेन्सला लागता कामा नये. झोपताना काढायच्या. लाल झालं, दुखलं, की लगेच काढून इकडे यायचं. आणि — 'अंधारात बाहुली मोठी होते, मग बाहेरच्या गोलातून जास्त दिसतं, जवळचं फिकं पडतं. जवळचं काम भरपूर उजेडात करा.'

माझं काम अंधाऱ्या शाफ्टमध्ये. परतताना कपाळावर बांधायचा दिवा घेतला.

घरी पुन्हा आरशापुढे काढायचा सराव. बायको दारात उभी. 'अहो, उठा आता आरशापुढून. नवरीसुद्धा इतकी बसत नाही.'

पण तिच्या कानातल्या फुलाच्या पाकळ्या मोजल्या मी. आठ आहेत. कधीपासून घालते, विचारलं. 'लग्नापासून,' म्हणाली.


२० फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. कपाळावर दिवा, डोळ्यात लेन्स.

पहिल्यांदा दिसली ती लाल भुकटी. दोरांच्या पेडांमध्ये, खाचेत, बारीक, गंजासारखी. दोर आतून घासून झिजायला लागला की हीच भुकटी बाहेर येते. ती मी इतके महिने जुनं वंगण समजत होतो. माझ्यासाठी तो नुसता काळपट रंग होता.

मग तुटक्या तारा. त्या बाहेर नव्हत्याच. दोन पेडांच्या मधल्या खाचेत तुटलेल्या. चिंधी वरून सरकते, तिला काय कळणार. चिंधी अडकली नाही म्हणून मी खुशाल सही करत होतो.

नियम असा — दोराच्या एका पिळात दहा तारा तुटलेल्या दिसल्या तर उतरवायचा. लाल भुकटी असेल तर पाचालाच.

तिसरा दोर मोजला. नऊ. पुन्हा मोजला. चार. पुन्हा — अकरा. प्रत्येक तारेला बाजूला एक फिकी सावली होती, जुळ्यासारखी. तार कुठली आणि सावली कुठली? जवळचं आणि दूरचं, दोन्ही चित्रं एकदम डोळ्यात जातात, असं बाई म्हणाल्या होत्या. माझा मेंदू दोन्ही मोजत होता. चार की अकरा? चार म्हणजे चालू द्या. अकरा म्हणजे आत्ता, या क्षणी थांबवा.

खाली बटण कुणीतरी दाबलं. माझ्यासमोर चाक फिरलं, पाचही दोर सळसळत गेले. कोण बसलं होतं माहीत नाही. मी भिंतीला टेकून बसलो. 


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंकडे सकाळीच जाऊन उभा राहिलो. दार उघडायच्या आधी.

दोन्ही हातांच्या मधे छोटं भोक करून लांबच्या तक्त्याकडे बघायला लावलं. आपण नकळत ज्या डोळ्यासमोर भोक धरतो तो मालक डोळा. माझा उजवा. मग उजव्याला दूरकडे झुकणारी लेन्स, डाव्याला जवळकडे झुकणारी. दोघं मिळून काम करणार. जोड्या त्यांच्याकडे होत्या, लगेच बदलून दिल्या.

मी विचारलं, सावली जाणार कधी? तर म्हणतात, 'तुम्ही लिफ्टवाले ना? मशीन चालू असताना कुणी बोललं तर ऐकू येतं?'

येतं की. मोटर घुमत असते, खाली रेडिओ चालू असतो, आणि तरी मला कंट्रोलच्या पेटीतल्या रिलेचा टकटक आवाज वेगळा ऐकू येतो. बाकीचं कानात जातंच, पण मी घेत नाही.

'तेच. कानांनी शिकलात, तसं डोळ्यांना शिकू द्या. नको ते चित्र जात राहील, तुम्ही घेणं बंद कराल.'

इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. जो बाकीचं सोडून एकच आवाज उचलू शकतो, तो एकच तारही उचलेल.

पण किती दिवसांत? आणि तोवर?

आणि मी — लिफ्ट आजही बंद केली नाही. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.


२४ फेब्रुवारी, सोमवार

वाचनाचा सराव. औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, जे हातात येईल ते. सावली फिकी होतेय. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांना अजून कडी दिसतात. सकाळच्या उजेडात व्हर्नियर घेऊन स्वयंपाकघरातले चमचे मोजले. बायको म्हणाली, 'सगळे आहेत, कुणी चोरले नाहीत.'


२६ फेब्रुवारी, बुधवार

चौदा.

तुटक्या तारा तीनदा मोजल्या. तीनदा चौदा. तिसऱ्या दोराच्या एका पिळात. सावली नव्हती, किंवा असेल, मी घेतली नाही. पाचव्या दोरात नऊ. लाल भुकटी पाचही दोरांत. व्हर्नियर लावला, रेघ स्पष्ट — बारा पूर्णांक एक. साडेबारा नव्हेच. कधीपासून नव्हे, ते आता कुणालाच कळणार नाही.

स्विच खाली ओढला. 

खाली येऊन दारावर पाटी लावली. पोस्टमास्तरांनी विचारलं, किती दिवस? आठ. 'माझे गुडघे?' म्हटलं, गच्चीवर जाऊ नका आठ दिवस, खाली फिरा. 

सहाव्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली. बाळ कडेवर, हातात पिशवी. मी पिशवी घेतली, सहा मजले चढलो. वाटेत वाटलं, हिला सांगावं. सांगितलं नाही. पिशवी जड होती, ती उचलण्याचं तेवढं पुण्य पदरात पडेल, असल्या भ्रमात चढलो.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

पक्कडला सांगितलं. पक्कड म्हणजे माझा मेकॅनिक. अठरा वर्षं माझ्याबरोबर आहे, हातात घेतलेली वस्तू सोडत नाही म्हणून हे नाव. सगळं सांगितलं — सप्टेंबर, चिंधी, साडेबारा.

त्यानं हातातला स्पॅनर पुसून पेटीत ठेवला. मग म्हणाला, 'मालक, मला एकदा विचारायचं ना. माझे डोळे काय भाड्यानं मागितले असते?'

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

लॉगबुकात लाल पेनानं लिहिलं: सप्टेंबर ते फेब्रुवारी मापं विश्वासाची नाहीत, दृष्टिदोषामुळे. खाली सही. अक्षर बारीक आलं. एका ओळीत मावलं!


४ मार्च, मंगळवार

पाच नवे दोर चढले. दोन दिवस पक्कड, दुसरा मेकॅनिक आणि मी. मी स्वतः टपावर उभा राहून, मान वर करून, प्रत्येक टोक पाहिलं. वर बघताना जवळचं दिसत होतं आणि खाली पाहिलं तर टपाची कडही. हे सुख कुणाला सांगितलं तर हसतील.

लिफ्ट चालवून पाहिली. पक्कड केबिनमधून, मी मशीनरूममध्ये. वर आल्यावर म्हणाला, 'मालक, वरच्या मजल्यांना बारीक शीळ येतेय का? की माझ्याच कानात काही झालंय?'

मी केबिनमध्ये बसून गेलो. दोनदा. मग गव्हर्नरपाशी, मग मोटरपाशी उभा राहून ऐकलं. गप्प. म्हटलं, नवे दोर आहेत, चाकावर बसायला आठवडा घेतील.

'तुम्हाला येत नाही म्हणजे नसेल,' म्हणाला, आणि हत्यारं गोळा करायला लागला.


६ मार्च, गुरुवार

कितीतरी महिन्यांनी छाती मोकळी वाटली. लिफ्ट सुरू. पोस्टमास्तर गच्चीवर. 'चारजणांची' पाटी काढली. सहाव्या मजल्यावरची मुलगी म्हणते, 'दोर नवे, शीळ जुनीच.' म्हटलं, बाळाला सांग, आठवडाभर कळ काढ. हसली ती.

आईची आठवण झाली. पण आज आठवणीत भीती नव्हती. तिला सुईत दोरा ओवून द्यायचो, एवढंच आठवलं.


९ मार्च, रविवार

दोन दिवसांच्या दगदगीनं अंग कसकसलं. सकाळी चहा झाल्यावर थर्मामीटर काखेत लावून खिडकीपाशी बसलो. नवीनच आणलाय. लेन्स डोळ्यात होत्या, आता आकडा बायकोला विचारायला नको. वाजण्याची वाट बघत बसलो.

बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली. 'अहो, कधीचा वाजतोय तो! काढा की.'

काढला. आकडा लख्ख दिसला. शेजारी घंटीचं बारीक चित्र लुकलुकत होतं. कानाला लावला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावला. काही नाही.

डास. बाळ. पक्कड. चौथ्याच्या वर — म्हणजे मशीनरूमच्या जवळ जाऊ तशी वाढणारी ती शीळ. सुकलेलं बेअरिंग बारीक शीळ घालतं, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. आणि सीलबंद झाकणाखाली वर्षभर वंगण न मिळालेलं चाक तिथं एकच आहे — गव्हर्नरचं.

पक्कडला फोन केला — आत्ता जा, स्विच ओढ. मग सहाव्या मजल्यावर फोन लावला. म्हटलं, बाळाला घेऊन लिफ्टमध्ये बसू नकोस.

ती म्हणाली, 'का हो काका, शेवटी ऐकू आली का तुम्हाला?'

'नाही,' म्हटलं. 'म्हणूनच.'